माशीवरचं कुंकू

यशा,

गेल्या रविवारी हॅरोच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. इतकी माणसं आली की खुर्च्या कमी पडल्या. निम्मे लोक तू बसवून दिलेले गुडघे आणि खुबे घेऊन आले होते, आणि बोलायला उठताना मुद्दाम काठी खुर्चीलाच टेकवून उठत होते. एकजण म्हणाला, "डॉक्टरसाहेब अजातशत्रू होते." मी मान खाली घालून हसलो. पार्किंगच्या माणसापासून हॉस्पिटलच्या मॅनेजरपर्यंत तू कोणाशी भांडला नाहीस ते आधी सांगा म्हणावं. माझ्याशी तर तू पंचेचाळीस वर्षं भांडत होतास आणि त्यातलं एकही भांडण धड मिटलेलं नाही.

मलाही पाच मिनिटं दिली होती. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये तू माझ्या खाटेखाली सुकं मटण लपवायचास आणि मी आठवडाभर उंदीर मेलाय म्हणून शोधत बसायचो, ते सांगितलं. लोक हसले, मी खाली बसलो. जे सांगायचं होतं ते राहिलंच. खरं तर ते सभेत सांगण्यासारखं नव्हतं, तुलाच सांगायचं होतं, आणि त्यासाठी मला सात वर्षं मिळाली होती. स्कॉटलंडच्या त्या शेवटच्या वर्षीचा तुझा नेम का चुकला, त्याबद्दल. तू त्याचं एक कारण मनाशी धरलंस आणि त्यापायी बंदूक खाली ठेवलीस. खरं कारण मला ठाऊक होतं. ते कारण मी होतो.

एवढं लिहून टाकलं, आता सावकाश सांगतो. तू मला मध्ये तोडणार नाहीस, हे आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.

तुझ्या वडिलांकडे, आबांकडे, गडहिंग्लजच्या घरी एक विलायती रायफल होती. दोनशे पंच्याहत्तर बोअरची, अक्रोडाच्या कुंद्याची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची. उसात घुसणाऱ्या डुकरांवर ती चालायची आणि दसऱ्याला देवघरात तलवारीशेजारी बसायची. पुढे शिकारबंदी आली, आबा गेले, रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली आणि तिथेच गंजून गेली. तू तेव्हा इथे विलायतेत हॉस्पिटलचा रजिस्ट्रार होतास. आबा गेल्याचं पत्र आणि रायफल जमा केल्याचं पत्र, यातल्या कुठल्या पत्रावर तू जास्त रडलास, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मग बर्मिंगहॅमला कसल्याशा कॉन्फरन्सला गेलास, व्याख्यान सोडून एका जुन्या बंदूकवाल्याच्या दुकानात शिरलास आणि तिथूनच मला माझ्या दवाखान्यात फोन केलास. बाहेर माझे पेशंट खोकत होते.

"अंत्या, आबांची रायफल घावली!"

"वेडा आहेस का? ती गडहिंग्लजच्या ठाण्यात आहे."

"तीच न्हाई रं. तशीच. आरं, वास पण तोच येतोय."

बंदुकीच्या सर्टिफिकेटसाठी पोलीस तुझ्या स्टॅनमोरच्या घरी आला, तेव्हा मीही तिथे होतो, कारण फॉर्मवर ओळख देणारा म्हणून माझीच सही होती. 'अर्जदार शांत आणि संयमी स्वभावाचा आहे' असं मी लिहून दिलं होतं. सरकारी कागदावरचं माझं ते पहिलं खोटं. रायफल कशासाठी हवी, असं त्याने विचारलं. "डियर स्टॉकिंग," तू म्हणालास, म्हणजे सरपटत माग काढून हरणाची शिकार. पूर्वी कधी केलंय का, यावर तू छाती पुढे काढून म्हणालास, "माय फादर हॅज." सुमनवहिनींनी त्याच्यापुढे चकल्या ठेवल्या. त्याने तीन खाल्ल्या आणि कपाटाचं कुलूप नीट पाहून गेला.

तेव्हापासून आठ वर्षं, दसऱ्याच्या आगेमागे, आपण स्कॉटलंडच्या डोंगरांत, हायलँड्समध्ये जात राहिलो. तू स्टॅनमोरहून निघून मला मिल्टन कीन्सला गाडीत घ्यायचास. मैलोन् मैल उघड्या डोंगरात हरणाचा माग काढणाऱ्या माणसाला आमच्या गावच्या राउंडअबाउटांतून, त्या गोल गोल चौकांतून, माझं घर एकदाही पहिल्या फेरीत सापडलं नाही. फोन बॉक्समधून फोन करून ओरडायचास, "लेका, तुमच्या गावात एक तरी कोपरा ठेवा की!"

मी बंदूक चालवत नव्हतो आणि मांस तर खातच नव्हतो. मग मी कशाला यायचो, असं डंकनने पहिल्याच वर्षी विचारलं. डंकन म्हणजे तिथला स्टॉकर. डोंगरावरची हरणं राखणं, कोणता म्हातारा नर मारायचा ते ठरवणं आणि पाहुण्याला ओल्या गवतातून सरपटत त्याच्याजवळ नेणं, हे त्याचं काम. तू त्याला सांगितलंस, "इथं मटण रोज मिळतं. मुगाची खिचडी करणारा माणूस बरोबर आणावा लागतो." हे इंग्रजीत सांगताना तू खिचडीला 'मेडिसिन' म्हणालास, आणि डंकन मला शेवटपर्यंत तुझा खासगी डॉक्टर समजत राहिला.

ती हरणं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी चालायचाच थांबलो होतो. आपल्या सांबराची चुलत भावंडंच. ऑक्टोबरात नर माजावर येतात आणि दिवसभर डोंगर त्यांच्या ओरडण्याने भरलेला असतो. मी तुला म्हटलं, इतकं सुंदर जनावर मारवतं कसं? तू म्हणालास, "मला न्हाई मारवत. म्हणून तर इतकं जवळ जातो." तेव्हा मला वाटलं, हे तुझं नेहमीचं उलटं बोलणं.

पण दुर्बिणीचं भांडण आठव. डंकन दरवर्षी सांगायचा, डॉक्टर, या रायफलीवर एक दुर्बीण बसवा, लोक हल्ली दोनशे यार्डांवरून बिनचूक मारतात. तू दरवर्षी म्हणायचास, आबांच्या रायफलीला दुर्बीण नव्हती. मागे खाच आणि पुढे नळीच्या टोकावर तो बारीक मणी, ज्याला तुम्ही बंदूकवाले लोक माशी म्हणता, तेवढ्यावरच तुझा नेम. एका वर्षी मी डंकनची बाजू घेतली. म्हटलं, "दुर्बिणीने जनावर एका गोळीत, यातना न होता मरेल. तू ही हौस त्याच्यासाठी करतोस की आबांसाठी?" तू दोन मैल माझ्या पुढे तरातरा चालत राहिलास. मग एका दगडावर बसून फ्लास्कमधला चहा मला आधी दिलास आणि म्हणालास, "अंत्या, दुर्बीण असली की लांबून मारता येतं. मारता येतं म्हटलं की मारावंसं वाटतं. हिच्यामुळं ऐंशी यार्डांच्या आत जावं लागतंय. आणि तेवढं जवळ गेलं, त्याच्या पापण्या दिसायला लागल्या, की बहुतेक वेळा परत यावंसंच वाटतं."

ते खरं होतं. आठ वर्षांत तू पाचच मारलेस. बाकीचे सगळे दिवस आपण पोटावर सरपटत जायचो, बघायचो आणि तसेच ओलेचिंब परत यायचो. मला त्या दिवसांबद्दल तुझे आभार मानायचे आहेत. क्लिनिकच्या चार भिंतींत आयुष्य गेलेल्या माणसाला तू वारा कुठून येतोय ते ओळखायला शिकवलंस. तासभर न हलता पडून राहायला शिकवलंस. मी आयुष्यात दुसऱ्या कोणाबरोबर तासभर गप्प बसलेलो नाही.

आणि आईच्या दहाव्याचं ऋण तर वेगळंच. आई पुण्यात गेली, मला फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. भाऊ म्हणाला, आता येऊन काय करणार. एकटा जीव, घरात भिंतींकडे बघत बसलो असतो. तू ऐकलं नाहीस, गाडीत घालून घेऊन गेलास. दहावा दिवस तिथे आला. मी मऊ भाताचा पिंड करून एका सपाट दगडावर ठेवला, पळीभर पाणी सोडलं आणि आपण दोघं मागे सरून उभे राहिलो. तिथले कावळे करड्या अंगाचे. त्याच सकाळी तू एक नर मारला होतास, डंकनने आतडी तिथेच काढून टाकली होती, आणि सगळे कावळे त्या मेजवानीवर. माझ्या भाताकडे कोण बघतंय! अर्धा तास गेला. माझं तोंड वाकडं व्हायला लागलं. मी आईला काय काय कबूल केलं: वर्षश्राद्धाला येतो, भावाशी नीट वागतो. एक कावळा हलेना.

मग तू टोपी काढलीस. पावसात बोडक्याने पुढे झालास आणि दगडासमोर उभा राहून म्हणालास, "काकू, ह्याच्या जेवणाची काळजी लागली असंल तुम्हाला. दर रविवारी माझ्या घरी जेवंल हा. सुमन वेगळं पातेलं ठेवंल. शब्द देतो." आणि एक कावळा आला.

तो भातासाठी आला की तुझ्या आवाजाने उठून चुकून तिथे बसला, यावर आपण पुढे कितीदा तरी भांडलो. पण तू शब्द पाळलास. त्यानंतर मी बहुतेक रविवार तुमच्याकडे जेवलो. वहिनींनी खरंच माझं पातेलं वेगळं ठेवलं. मला कुटुंब नाही असं मी फॉर्मांवर लिहीत आलो, पण ते काही खरं नाही.

आता ते शेवटचं वर्ष.

पूजेची प्रथा तूच पाडलीस. तू पहिला नर मारलास तेव्हा डंकनने त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याचं रक्त तुझ्या कपाळाला आणि गालांना लावलं. तू मला म्हणालास, "त्यांचं झालं. आता पुढल्या वर्षापासनं आपलं." तेव्हापासून खंडेनवमीच्या नावाने रायफलीची पूजा माझ्याकडे आली, कारण जन्माने भट मी. वहिनी करंड्यात हळदकुंकू बांधून द्यायच्या. झेंडू तिथे कुठला, म्हणून आपण उतरायचो त्या घराच्या दारातल्या झाडाची लाल फळं वाहायचो. दरवर्षी क्रम ठरलेला: पोचलं की पूजा, मग तू रायफल पुसायचास, मग उजेड असेपर्यंत लोखंडी निशाणावर गोळी झाडून नेम तपासायचा. आणि डंकनचा एकच कायदा होता. निशाणावरच्या गोळीनंतर रायफलीला कोणी हात लावायचा नाही. ती खोळीत जाईल आणि थेट डोंगरावर बाहेर निघेल.

त्या वर्षी मोटरवेवर ट्रॅफिक तुंबला, आपण उशिरा पोचलो. उजेड जात होता म्हणून डंकनने आधी निशाण उरकून घेतलं. तुझ्या तिन्ही गोळ्या मधोमध. सकाळी निघताना तुला आठवलं, "पूजा राहिली की रं." मी म्हटलं, "तू बूट घाल, मी करतो." तू बाहेर डंकनशी वाऱ्याबद्दल बोलत उभा राहिलास.

कुंद्याला हळद लावली. कुंकू कोरडं, धरेना. मग मी काय केलं, तर खिचडीसाठी आणलेल्या तुपात ते कालवलं. मस्त घट्ट गंध झालं. कुंद्याला लावलं, नळीला लावलं. मग मला वाटलं, कपाळ तर टोकाशी. आणि मोठ्या भक्तिभावाने मी त्या माशीवर अनामिकेने एक टिकली लावली. नमस्कार केला आणि रायफल खोळीत घातली. डंकनचा कायदा मला पाठ होता, यशा. पण देवाचं काही करताना कायदा मोडतोय असं आपल्या लोकांना कधी वाटतच नाही.

बाहेर थंडी होती. तूप थिजलं आणि त्या मण्यावर आणखी एक मणी चढून बसला, ते तुला सांगायला नको.

दुपारी रिमझिम सुरू होती. डंकन पुढे, तू मागे आणि तुमच्या वीस पावलं मागे मी, तिघंही पोटावर. म्हातारा नर, एक शिंग अर्धवट तुटलेलं, माद्यांपासून बाजूला उभा होता. डंकनने खोळीतून रायफल काढून तुझ्या हातात दिली, ती शेवटच्या क्षणी, नेहमीसारखी. तुझ्या चष्म्यावर पाणी होतं, पुढे काळपट ओला डोंगर, त्यावर काळपट जनावर. त्यात त्या मण्याचा रंग कोणाला कळणार? मी तुझी पाठ बघत होतो. तुझा श्वास थांबला आणि बार झाला.

नर कोसळला नाही. तीन पायांवर उड्या मारत कड्यापलीकडे गेला. डंकन हळूच म्हणाला, "लो, डॉक्टर. यू वेअर लो." गोळी खाली लागली होती.

मग साडेचार तास आपण त्याच्या मागे होतो. तू जेवलाही नाहीस. गवतावर रक्ताचा ठिपका दिसला की गुडघ्यावर बसून त्याला बोट लावायचास आणि उठायचास. शेवटी एका ओढ्यात तो सापडला. पुढचा पाय छातीखाली तुटला होता. तू दहा पावलांवरून गोळी घालून त्याला सोडवलंस आणि त्याच्या मानेवर हात ठेवून पाण्यातच बसलास. मी खांद्याला धरून उठवायला आलो तर म्हणालास, "अंत्या, माझे डोळे गेले. न्हाईतर हात गेला."

संध्याकाळी तू रायफलीकडे बघायला तयार नव्हतास. "तूच पूस," म्हणालास. मी चिंधी फिरवत टोकापर्यंत आलो आणि माशीच्या बुडाशी तुपाचं लाल कडं दिसलं. मी ते माझ्या रुमालाने पुसलं. रुमाल बेसिनमध्ये गरम पाण्याने धुतला. तू शेजारच्या खोलीत खुर्चीत बसला होतास, मधलं दार उघडं होतं. मी ठरवलं, सकाळी सांगू.

सकाळी सांगितलं नाही. घरी आल्यावर आठवड्याभरात तू डोळे तपासून घेतलेस आणि ग्लॉकोमाची सुरुवात निघाली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बरं झालं वेळेवर आलात, थेंब चालू ठेवा, नजर शाबूत राहील. ती राहिलीही. आणि तू जाहीर करून टाकलंस, "त्या हरणानं स्वतःचा पाय देऊन माझे डोळे वाचवले. आता पुन्हा जनावरावर बंदूक धरायची न्हाई." रायफल कपाटात गेली. तू ती दरवर्षी तेल लावून पुसायचास, पण डोंगर बंद झाला.

पुढे ही गोष्ट तू पंगतीपंगतीत सांगितलीस. लोकांचे डोळे पाणावायचे. मी समोर बसून आमटी ओरपत असायचो. ग्लॉकोमाच्या सुरुवातीला जाते ती कडेची नजर, मधली नाही. मण्यावर नेम धरायला लागते ती मधली. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तू हाडांचा माणूस, डोळ्यांचं तुझं ज्ञान परीक्षेपुरतं, आणि ते मी तुला कधी आठवून दिलं नाही. एकदा एम-वन मोटरवेवरच्या सर्व्हिस स्टेशनला चहा पिताना मी सुरुवातही केली, "यशा, त्या नराचं..." तू हात वर केलास, "त्याचं नाव घेतलं की मी नमस्कार करतो, तू पण कर." मी नमस्कार केला.

स्वतःला मी सांगायचो, सांगून काय मिळणार? थेंब घ्यायचेच आहेत. डोळे वाचलेत, त्याची कथा त्याला आवडली आहे, राहू दे. पण खरं एवढंच की मी भ्यालो होतो. तुझ्या लाडक्या गोष्टीतून ते हरण मी काढून घेतो आणि त्या जागी माझं तूप ठेवतो, हे माझ्याने झालं नाही. पुढे तुझं आजारपण आलं आणि तेव्हा तर मी तुला फक्त बऱ्या गोष्टी सांगायच्या असं ठरवलंच होतं.

परवा मीनाचा फोन आला. तुझी लेक मेडनहेडहून रोज आईकडे येते. म्हणाली, "काका, बाबांचा रायफल घ्यायला पोलीस येणार आहे. आई एकटी आहे, मला मीटिंग कॅन्सल करता येत नाही. यू नो ऑल दॅट स्टफ. तुम्ही येता का?" ऑल दॅट स्टफ! पण गेलो.

आलेला माणूस सज्जन होता. कपाटातून रायफल काढली, बोल्ट मागे ओढून ती रिकामी आहे हे मला दाखवलं आणि कागद लिहायला बसला. माझं तोंड बघून म्हणाला, शेवटचं एकदा हातात घ्यायची आहे का? यशा, इतकी वर्षं मी ती पुजली, एकदा पुसलीही, पण खांद्याला कधी लावली नव्हती. तुमच्या बागेच्या टोकाला कुंपणावर एक फांदी आहे, तिच्यावर धरली. खाचेतून मणी दिसला. तांदळाच्या कणीएवढा. त्यावर आणखी कणीभर काही चढलं तर नळी किती खाली झुकते ते मी करून पाहिलं. फांदी सुटून नेम गवतावर आला. आजवर मनाच्या एका कोपऱ्यात मी ठेवलं होतं की कदाचित त्याने एवढा फरक पडला नसेल. तेही गेलं. मी रायफल परत दिली आणि सोफ्यावर बसलो.

तो माणूस गेल्यावर वहिनींनी चहा आणला. मी त्यांना सगळं सांगितलं. तूप, टिकली, रुमाल. त्या डोळे पुसत हसल्या.

"भावजी, म्हणजे माझे सात दसरे तुमच्या तुपामुळं का? आठ वर्षं दसऱ्याला मी एकटी सोनं वाटत होते या घरात."

मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी कप खाली ठेवला.

"तरी त्यांना सांगायला पाहिजे होतं तुम्ही. डोळ्यांचं लोकांना सांगायचे हो. मला हाताचं म्हणायचे. ऑपरेशनला निघताना दारात थांबायचे, दोन्ही हात असे पुढं धरून बघायचे. कापतायत का सांग, म्हणायचे. नाही कापत म्हटलं, तरी गाडीत बसताना परत बघायचे. रिटायर होईपर्यंत. मी म्हणायची, काय झालंय तुमच्या हाताला? तर म्हणायचे, एकदा चुकलाय तो."

मला हे ठाऊक नव्हतं. दर रविवारी तुझ्यासमोर बसून जेवत होतो आणि ठाऊक नव्हतं. माझ्या आईची काळजी तू एका वाक्यात मिटवलीस, आणि तुझी मला एका वाक्यात मिटवता आली असती. मला फार वाईट वाटतंय, यशा. याहून बरा शब्द मला सापडत नाही.

वहिनी म्हणाल्या, "आता तरी सांगा."

म्हणून हे लिहिलं. हरणाला नमस्कार करत जा, त्यात काही बदलायचं नाही. त्याने तुला डॉक्टरकडे धाडलं, एवढं त्याचं खरंच आहे, आणि मीही करीत जाईन. पण बाकीचं ऐक. मी तुझ्या मागे वीस पावलांवर पडलेलो होतो आणि तुझ्या खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात मला स्वच्छ दिसत होता. तो जराही हलला नाही. त्या दिवशी तू नेम बरोबर हृदयावरच धरला होतास.

तुझा,
अंत्या